टिकली लावलेलं चित्र

आठवडाभर गिरणीच्या रंगखात्यात कोपरापर्यंत हात बुडवणारा माणूस सुटीच्या दिवशी पुन्हा रंगच पाहायला जातो, हे काही वच्छलेच्या डोक्यात शिरत नसे. सिनेमाला गेला असता, बहिणीकडे गेला असता, चौकात पत्ते कुटत बसला असता तरी तिनं समजून घेतलं असतं. पण शालिकराम गजभिये दर जानेवारीत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, नखातला निळा रंग घासूनही निघत नाही म्हणून दोन्ही हात खिशात खुपसायचा आणि नागपुरातल्या इंदोऱ्याहून पायी निघायचा तो थेट बर्डीला. चित्रांच्या प्रदर्शनाला.

"घरच्या भितीले चुना लावाले फुरसत नाही, आन् लोकाईच्या भिती पाहाले जाऊन राहिले," वच्छला दारातून म्हणायची.

"येतो लवकर."

"या. चित्रं काही जेवाले वाढत नाहीत म्हना."

हे वेड लागलं बासष्ट साली, आणि लागलं तेही फुकटच्या पाटीमुळे. शालिकराम बर्डीला टॉर्चचे सेल घ्यायला गेला होता. एका सभागृहाच्या दारावर 'प्रवेश विनामूल्य' लिहिलेलं दिसलं. फुकट आहे तर पाहून घेऊ, म्हणून आत शिरला. आत भिंतीभर चित्रं, शाली पांघरलेली मंडळी, हळू आवाजातलं बोलणं. एका चित्रासमोर पोरंसोरं हसत होती, कारण त्यात काहीच नव्हतं. नुसता निळा. वरपासून खालपर्यंत निळा.

शालिकराम मात्र हलेना. तो निळा त्याच्या ओळखीचा होता. हौदातून कापड दुसऱ्यांदा काढलं आणि वाऱ्यावर धरलं, की घटकाभर जो रंग दिसतो आणि मग गडद होऊन निघून जातो, तोच हा. बारा वर्षं तो रंग त्याच्या हातातून निसटत होता आणि इथं कोणीतरी त्याला भिंतीवर पकडून ठेवलं होतं. खोटं कशाला बोला, माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दाराजवळ अभिप्रायाची वही होती. त्यात 'अप्रतिम', 'नेत्रसुखद', 'कलेची उपासना अशीच चालो' असं काय काय लिहिलेलं. शालिकरामनं चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहिलं, 'निळा चांगला बसला आहे. पण डाव्या कोपऱ्यात उतरला आहे. शालिकराम गजभिये, रंगखाते.'

प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे सचिव वामनराव शेजारीच उभे होते. कोट, मफलर, नाकावर चष्मा. त्यांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "उतरला म्हणजे काय? हे चित्र आहे की लुगडं?"

तो निळा काढणारा चित्रकार मागेच उभा होता. तो हसतच सुटला. "अहो वामनराव, बरोबर आहे त्यांचं! तिथे माझा रंग संपला होता. पाणी घालून भागवलं मी. आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं."

त्या दिवसापासून वामनरावांनी शालिकरामचा पत्ता लिहून घेतला. दर डिसेंबरात एक पोस्टकार्ड इंदोऱ्याला यायचं. गल्लीत त्याचा काय तोरा! पोस्टमन नुसतं 'गजभिये, कार्ड' म्हणाला, की शालिकराम आधी हात धुवायचा आणि मग कार्ड घ्यायचा.

प्रदर्शनाहून आला की तो चुलीजवळ पाट ओढून बसायचा. वच्छला भाकरी थापायची आणि हा सांगत सुटायचा.

"एक चित्र पाह्यलं वं. नुसता पिवळा आन् मधात एक काळी रेघ."

"मंग होतं काय त्यात?"

"काहीच नोहोतं."

"काहीच नोहोतं ते पाहाले तीन तास लागले तुमाले?"

"तुले नाही समजत. तो पिवळा असा होता..." आणि मग पिवळा कसा होता ते सांगताना भाकरी थंड व्हायची, वच्छला ओरडायची, पोरगी जया हसायची, आणि तरी तो सांगतच राहायचा. वच्छलाही खोदून खोदून विचारायची. कोणतं चित्र मोठं होतं, काढणारा म्हातारा होता की तरणा, बायका काढतात का. पाहिलं एकही नव्हतं, पण पंधरा वर्षांची सारी चित्रं तिला तोंडपाठ होती.

सत्त्याहत्तर साली शालिकराम हट्टालाच पेटला. "यंदा तू चाल."

"मी काय करू तथी?"

"पाहाचं. आनखी काय कराचं?"

नाही नाही म्हणत ती निघाली. भाच्याच्या लग्नातलं पातळ नेसली. त्या साली बर्डीच्या फुटपाथवर कापडी टिकल्यांची पाकिटं नवीन आली होती, त्यातली एक मरून टिकली आरशात तीनदा पाहून कपाळाला लावली. शालिकराम तिला सभागृहात घेऊन शिरला तेव्हा त्याची छाती इतकी पुढे आली होती, की नखं झाकायचंही तो विसरला.

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी. चित्र विकलं गेलं, की वामनराव किंवा मंडळाची पोरं त्याच्या कोपऱ्यात एक लाल कागदी टिकली चिकटवत. टिकली दिसली की समजायचं, हे गेलं, याची आता विचारपूस नाही. शालिकरामच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की हेही कोणाला सांगावं लागतं ही गोष्टच त्याच्या ध्यानात आली नाही. बाकी सगळं सांगितलं त्यानं. रंग कसा बसतो, कसा फुटतो, कुठं उभं राहून पाहायचं. अर्ध्या तासानं वच्छलेचे पाय दुखायला लागले. "तुम्ही व्हा पुढं. मी पानी पेते," ती म्हणाली.

पाण्याच्या माठाजवळ, कोपऱ्यात, एक लहानसं चित्र टांगलं होतं. काच लावलेलं. अंगणातली दोरी, दोरीवर वाळत घातलेलं एक निळं लुगडं, मागे मातीची भिंत. माणूस कोणी नाही. काटोलच्या एका मुलीनं काढलेलं. तिचं नाव प्रेमलता चरडे, आणि ते तिचं पहिलंच प्रदर्शन. ती बिचारी तिथंच खुर्चीवर अंग चोरून बसली होती आणि सकाळपासून लोक तिच्या चित्राजवळ यायचे ते फक्त पाणी प्यायला.

वच्छला पेला हातात घेऊन त्या चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ. पाणी प्यायचंच राहिलं. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. या चित्राला टिकली, त्या चित्राला टिकली, पलीकडच्या त्या पिवळ्या गिचमिडीलाही टिकली. आणि हे एकटंच तसं. तिनं आपल्या कपाळावरची टिकली काढली आणि घरी आरशाच्या कडेला लावतात तशी त्या काचेच्या कोपऱ्यात दाबून बसवली.

पुढच्या घटकेत जे व्हायचं ते झालं. धंतोलीचे एक डॉक्टर आले, त्यांनी ते चित्र विचारलं, वामनरावांनी लांबून टिकली पाहिली आणि "क्षमा करा, ते गेलं," म्हणाले. डॉक्टर मोटारीत बसून निघून गेले. प्रेमलतेला कोणीतरी सांगितलं, अगं, तुझं चित्र गेलं! ती पोरगी अशी हरखली की धावत बाहेर जाऊन आपल्या बापाला घेऊन आली. बाप आनंदराव, काटोलचा संत्र्याचा बागाईतदार, धोतर आणि काळी टोपी. एक चित्र तरी विकून दाखव, नाहीतर हे रंग बंद आणि लग्न, असं त्यानं बजावून आणलं होतं पोरीला, हे तोवर सगळ्या हॉलला ठाऊक झालं होतं.

वामनराव विकत घेणाऱ्याचं नाव लिहायला वही घेऊन आले, तर नाव कोणाचंच नाही. त्यांनी वाकून पाहिलं. "ही आपली टिकली नव्हे! ही कापडाची आहे. कोणी लावली ही?"

"म्या लावली जी," वच्छला म्हणाली. "साऱ्याईले टिकली दिसली. हिचंच कपाळ मोकळं होतं. बरं नाही वाटलं मले."

हॉल हसला. चांगला खदखदून हसला. प्रेमलतेचा चेहरा उतरला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचा बाप नुसता वच्छलेकडे टक लावून पाहत होता.

आणि शालिकराम? त्याच्या पंधरा वर्षांच्या इज्जतीचा पंचनामा झाला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, तेही सगळ्यांसमोर, "अक्कल आहे का तुले? चित्र पाहाले अक्कल लागते! तुले आनलंच काहून म्या!"

वच्छलेनं पेला माठावर ठेवला. मोकळ्या कपाळावर पदर ओढला आणि चालायला लागली. बसमध्ये बोलली नाही. घरी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली ती मीठ संपलं म्हणून.

भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती तशी रोजच्यासारखी राहिली. फक्त पुढच्या जानेवारीत शालिकराम प्रदर्शनाहून आला, पाट ओढून बसला आणि "एक चित्र पाह्यलं वं" म्हणाला, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मले काय सांगता? मले काय समजते त्यातलं?" त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, म्हणूनच ते फार लागलं. शालिकराम पाटावर बसला तसाच उठला. चित्रांची सारी मजा ही चुलीजवळ बसून सांगण्यात होती, हे त्याला त्या दिवशी कळलं. पंधरा वर्षं तो प्रदर्शनाला जात होता तो तिच्यासाठीच माल गोळा करायला, आणि आता घेणारंच कोणी नव्हतं.

चुकलो म्हणावं, हे रोज मनात यायचं. म्हणणं काही जमायचं नाही. वाटायचं, ती काटोलची पोरगी सापडू दे, तिचं बरं चाललेलं दिसू दे, मग वच्छलेला सांगू आणि हात धरून पुन्हा त्या दारात नेऊ. पण त्या पोरीचं नाव मंडळाच्या प्रदर्शनात पुन्हा आलंच नाही. बापानं रंग फेकले असतील, पोरगी कुठंतरी चूल फुंकत असेल, आणि तेही आपल्याच घरच्या टिकलीपायी, हे शालिकरामच्या मनाला खायचं.

वच्छला वर्षातून एकच प्रश्न विचारायची. तो प्रदर्शनाहून येऊन चपला काढत असला, की आतूनच विचारायची, "ते लुगडं होतं काय?"

"नाही."

"बरं."

आठ वर्षं असं चाललं. जयाचं लग्न होऊन ती पारशिवनीला गेली. गिरणीतली नोकरी संपली, नखं हळूहळू पांढरी झाली, आणि खरं सांगायचं तर शालिकरामला त्या निळ्या नखांची आठवण यायची. पंच्याऐंशीच्या जानेवारीत वामनरावांचं कार्ड आलं. अक्षर थरथरलेलं. 'काटोलच्या प्रेमलता चरडे यांच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन. तुम्ही यावेच.'

शालिकरामनं वच्छलेला काही सांगितलं नाही. शर्ट घातला आणि निघाला.

दारातून शिरताच समोर ते लुगडं. एकट्या भिंतीवर, मधोमध. काचेच्या कोपऱ्यात टिकली. मरून रंग विटून विटकरी झालेला, कडा झिजलेली, पण टिकली तीच. खाली चिठ्ठी, 'विक्रीसाठी नाही.' शालिकराम काचेवर वाकून ती टिकली पाहू लागला.

प्रेमलतेनं त्याला ओळखलं. तीस वर्षांची झाली होती, केसांत एखादी चांदीची तार, बोलणं मात्र काटोलचंच. "काका, तुम्ही ते रंगखातेवाले ना? मावशी कुठी आहेत?"

"घरी हाये." त्यानं टिकलीकडे बोट दाखवलं. "पोरी, त्या दिवशी तुयं लय नुकसान झालं आमच्या पायी."

"नुकसान?" ती हसली. "काका, बाबा ही टिकली काढूच देत नाहीत. बाईमानसानं लावलेली टिकली काढत नसतात म्हनतात. मग हे चित्र जिथं नेलं, मुंबईले, बडोद्याले, लोक टिकली पाहून म्हनत, हे गेलं वाटते, असं दुसरं आहे का? दुसरं काढलं, तिसरं काढलं. सारी गेली. हेच राहिलं माह्याजवळ. आन् रंग बंद कर म्हनून बाबा त्या दिवसापासून एकदाही बोलले नाहीत. मावशीले आना ना काका. उद्या आना."

शालिकराम घरी आला तेव्हा वच्छला तांदूळ निवडत होती. त्यानं चपला काढल्या. आतून नेहमीचा प्रश्न आला.

"ते लुगडं होतं काय?"

"होतं."

सूप थांबलं.

"आन् तुयी टिकली बी तथीच आहे. काढली नाही तिनं."

"आठ वर्सं?"

"आठ वर्सं."

"गोंद चांगला होता मंग," वच्छला म्हणाली, पण तिचे हात तांदळात तसेच राहिले.

शालिकराम तिच्यासमोर खाली बसला. पाट न घेता. "वच्छले, चुकलो म्या. चार लोकाईत तुले असं बोलाले नाही पाहिजे होतं. आठ वर्सं झाले, रोज सांगीन सांगीन म्हनतो."

तिनं सूप पुन्हा हलवलं. मग एक खडा निवडून बाजूला टाकला. "रोज म्हनत होते, तर मंग एक दिवस सांगाले काय झालं होतं?" आणि पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ते दोघं गेले. बाकीच्या चित्रांकडे न पाहता वच्छला सरळ त्या लुगड्यासमोर जाऊन उभी राहिली. शालिकराम शेजारी. सवयीनं त्याच्या तोंडी आलं, "निळा कसा बसला पाह्य, कुठंच..."

"अजी, निळ्याचं राहू द्या," ती म्हणाली. "ऊन पाहा."

"काय झालं उन्हाले?"

"ऊन कलतीचं आहे. लुगडं सकाळीच वाळून खडंग झालं आसन. सांज झाली तरी दोरीवरच. घरात बाई आसती तर आतालोक घडी करून ठेवलं नसतं का? तवाबी मले तेच वाटलं होतं. जिचं हे लुगडं, ते बाई घरी नाही. म्हून तिले लावली टिकली."

शालिकरामनं पाहिलं. भिंतीवर दोरीची लांबच लांब तिरपी सावली पडली होती. ती आठ वर्षांपूर्वीही होती. कोण कोण पाहून गेलं असेल त्या चित्राला, तो स्वतः तर रंगातला माणूस, पण सावली काही त्याला दिसली नव्हती.

मागे उभ्या प्रेमलतेनं वच्छलेचा हात धरला. मग म्हणाली, "आईचं आहे, मावशी. सकाळी वाळू घातलं आन् दुपारी तिले दवाखान्यात नेलं. ते आलीच नाही वापस. पाच दिवस दोरीवर होतं, बाबा कोनाले हात लावू देत नोहोते. आई गेली त्या दिवशी बाबा संत्रं घेऊन नागपूरच्या बाजारात आले होते. ते पोचेपर्यंत तिले उचललं होतं. शेवटचं कुंकू त्यायच्या हातानं लावाचं राहून गेलं." तिनं नाक पुसलं. "हे मी कोनाले सांगत नाही. तुम्ही टिकली लावली त्या दिवशी काटोलच्या बसमध्ये बाबा सारा रस्ता रडत होते. म्हने, तुया आईले त्या बाईनं टिकली लावली, आन् आपून तिचं नाव बी नाही इचारलं."

"वच्छला," शालिकराम म्हणाला. "वच्छला नाव आहे तिचं."

तोवर म्हातारे वामनराव काठी टेकत अभिप्रायाची वही घेऊन आले. "गजभिये, लिहा. आठ वर्षांत तुम्ही आमचा एकही रंग उतरलेला सांगितला नाही."

शालिकरामनं पेन उघडलं आणि वही वच्छलेपुढे धरली.

"मले कुठी लिहिता येते?"

"तू सांग. मी लिहितो."

वच्छलेनं पुन्हा एकदा त्या चित्राकडे पाहिलं. "लिवा मंग," ती म्हणाली. "सांज झाली. दव पडाच्या आंधी लुगडं घरात घे, पोरी."

शालिकरामनं तसंच लिहिलं, तिच्या बोलीत, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. खाली तिचं पूर्ण नाव घातलं. वामनरावांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि वही मिटून छातीशी धरली.